घरचे डॉक्टर

बेलवलींतील आमच्या घराला एकतीस वर्षें एकच डॉक्टर होते. यंदा चैत्रांत वयोमानामुळें त्यांनीं दवाखाना बंद केला. आम्हीं शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. त्यांच्या जागीं आतां कोण, हा प्रश्न मात्र कोणींच काढला नाहीं. घरांत माणसें अकरा. थोरले बंधु कल्याणास जाऊं लागले, सूनबाई डोंबिवलीस, आणि मुलें कचेरीच्या वाटेवर जो दवाखाना उघडा दिसेल तेथें.

आषाढांत मातुःश्रींचे गुडघे फार दुखूं लागले. पुतण्यानें त्यांस एका अस्थितज्ज्ञांकडे नेलें व त्यांनीं वेदनाशामक गोळ्या दिल्या. मातुःश्री रक्तदाबासाठीं दोन गोळ्या घेतात व त्यांतील एक लघवी वाढविणारी आहे, हें पुतण्यास ठाऊक नव्हतें. दुसरें कांहीं औषध चालू आहे काय, असें विचारतां मातुःश्रींनीं "मला कांहीं एक झालेलें नाहीं" असें बाणेदार उत्तर दिलें! दहाव्या दिवशीं पाय सुजले, लघवी कमी झाली, आणि रक्त तपासतां क्रिएटिनिन वाढलेलें निघालें. रक्तदाबावरील कांहीं औषधें, लघवीचें औषध आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारखें वेदनाशामक हीं तिन्ही एकत्र आलीं, म्हणजे मूत्रपिंडांत रक्त गाळण्यास लागणारा दाब घटतो. वृद्धांस हा धोका विशेष. वेळींच गोळ्या बंद केल्या म्हणून निभावलें. त्या तज्ज्ञांस मी बोल लावीत नाहीं. त्यांच्यापुढें एक गुडघा आला होता. त्यामागचें माणूस त्यांस दाखविणें आमचें काम होतें.

आमच्या जुन्या डॉक्टरांस तें दाखवावें लागत नसे. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीचें पाणी त्यांच्या दवाखान्यांत शिरलें आणि रोग्यांचीं कार्डें चिखलांत गेलीं. पाणी ओसरल्यावर कोणास पेनिसिलिन चालत नाहीं, कोणाच्या वडिलांस पन्नाशींत मधुमेह जडला, हें सारें ते मेणबत्तीच्या उजेडांत स्मरणानें नव्या कार्डांवर उतरवीत बसले होते.

हा केवळ जुन्या माणसांचा लोभ नव्हे. नॉर्वे देशांत २००१ पासून प्रत्येक नागरिकास आपला असा एक डॉक्टर नेमून घेतां येतो. तेथील सुमारें ४५ लक्ष लोकांच्या २०१८ सालच्या नोंदी संशोधकांनीं तपासल्या. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यांत एकाच वर्षाचा परिचय असलेल्यांच्या मानानें मृत्यूचें प्रमाण सुमारें एक चतुर्थांशानें कमी आढळलें. तांतडीनें इस्पितळांत दाखल होण्याचें प्रमाणहि तितकेंच घटलेलें होतें. परिचयामुळेंच हे मृत्यु टळले, असें अशा नोंदींवरून सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण दुर्लक्ष करावें इतका हा फरक लहान नाहीं.

आतां सरकारनें 'आभा' नांवाचा चौदा आंकडी क्रमांक काढला आहे. त्याच्याशीं जोडलेले अहवाल व औषधांच्या चिठ्ठ्या एका ठिकाणीं पाहतां येतात. आमच्या घरीं तो सर्वांनीं काढला असून सोय उत्तम आहे. परंतु अहवाल वाचून रोग्यास ओळखणारा कोणी तरी लागतोच. तेव्हां आम्हीं जवळचेच एक तरुण डॉक्टर ठरविले. तज्ज्ञांकडे जावयाचें तर त्यांच्या चिठ्ठीनें जावें, आणि परत येतांच नवीं औषधें प्रथम त्यांस दाखवावीं, असा नियम केला. थोरल्या बंधूंनीं थोडी कुरकुर केली, पण मानलें.

जुन्या डॉक्टरांस हें कळवितांच त्यांनीं आपण होऊन अकराही जणांची माहिती नव्या डॉक्टरांसाठीं स्वहस्तें लिहून पाठविली. मातुःश्रींच्या नांवापुढें रक्तदाबाचे आंकडे, गोळ्यांचीं नांवें, आणि खालीं एक ओळ होती: "औषध घेतलें असें सांगतात, सुनेस विचारून खात्री करावी."

मातुःश्रींनीं चष्मा लावून ती ओळ दोनदां वाचली आणि कागद घडी करून परत दिला. संध्याकाळीं त्यांनीं गोळी सूनबाईंच्या समक्ष घेतली.