‘तो काळच तसा होता’ ही पळवाट

अवकाशाचे अफाटपण पडद्यावर उभे करणाऱ्या आरंभीच्या माहितीपटांत कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या ‘युनिव्हर्स’ (१९६०) या कृष्णधवल पटाचे स्थान वरचे आहे. रोमन क्रॉयटर आणि कॉलिन लो यांच्या या छोट्या पटाची छाप स्टॅन्ली कुब्रिक यांच्यावरही पडली. त्याचे निवेदक डग्लस रेन यांचाच आवाज पुढे ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’तील हॅल या संगणकाला मिळाला. तंत्राविषयी वाद नाही. वाद आहे तो पडद्यावरच्या माणसाविषयी.

टोरांटोजवळील रिचमंड हिलच्या डेव्हिड डनलॅप वेधशाळेत एक खगोलशास्त्रज्ञ ७४ इंची दुर्बीण सज्ज करतो आणि रात्र आकाशाला वाहतो. ते होते डोनाल्ड मॅक्रे, खरेखुरे आणि नामवंत संशोधक. त्यांच्याविषयी तक्रार नाही. एकांडा पुरुष, प्रचंड यंत्र आणि अथांग अंधार यांतून ‘शास्त्रज्ञ म्हणजे कोण’ याचे जे उत्तर प्रेक्षकाच्या मनात ठसते, तक्रार त्याविषयी आहे.

यावर ठरलेला बचाव असा : तो काळच तसा होता, स्त्रिया त्या क्षेत्रात नव्हत्याच, कॅमेऱ्याने दाखवायचे तरी कोणाला? हा बचाव नेमका याच वास्तूत खोटा ठरतो. १९३५ मध्ये ही वेधशाळा उभी राहिली ती जेसी डनलॅप यांच्या देणगीतून. नाव दिवंगत पतीचे. पण ती त्यांचीच इच्छा, म्हणून ते सोडून देऊ. हेलन सॉयर हॉग यांचे काय? त्याआधी व्हिक्टोरियाच्या वेधशाळेत पतीच्या साहाय्यक म्हणून त्यांनी बिनपगारी वेध घेतले, तान्ह्या मुलीला टोपलीत निजवून. १९३५ पासून त्या डनलॅप वेधशाळेत होत्या. गोलाकार तारकागुच्छांतील रूपविकारी ताऱ्यांची त्यांची सूची १९३९ मध्ये आणि सुधारून १९५५ मध्ये निघाली. १९५७ मध्ये कॅनडाच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९५१ पासून ‘टोरांटो स्टार’मध्ये त्यांचे सदर चालू होते. रूथ नॉर्थकॉटही याच वेधशाळेत होत्या.

स्त्रिया नव्हत्या, असे मग कोणत्या तोंडाने म्हणायचे? एकच पात्र हवे होते, हे मान्य. पण एकाची निवड करताना कोणता चेहरा आपोआप ‘शास्त्रज्ञासारखा’ वाटतो, प्रश्न तर तोच आहे.

भारतीय वाचकाने ही परदेशातली जुनी गोष्ट समजू नये. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान कक्षेत स्थिरावले आणि साड्या नेसलेल्या, केसांत फुले माळलेल्या, आनंदाने उजळलेल्या महिलांचे छायाचित्र ‘इस्रोच्या महिला शास्त्रज्ञ’ म्हणून जगभर फिरले. त्या प्रशासकीय कर्मचारी होत्या, असे इस्रोने नंतर स्पष्ट केले. त्यांचा आनंद खरा होता, ओळख चुकीची होती. मोहिमेची प्रत्यक्ष जबाबदारी वाहणाऱ्या नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल यांची नावे मात्र त्या दिवशी कितीजणांना ठाऊक होती? तिकडे स्त्री होती ती दिसली नाही. इकडे जी दिसली तिला तिचे काम न विचारताच बिरुद चिकटवले गेले. पुढचा अवकाश-माहितीपट काढणाऱ्याने चित्रीकरणाआधी मोहिमेची कर्मचारी-यादी मागवावी, आणि प्रशासन विभागातल्या महिलांनाही त्यांच्या खऱ्या हुद्द्यासह दाखवावे.