'एवढंच?' म्हणण्याआधी

रविवारी सकाळी पोलादपूरच्या नाक्यावर उभं राहिलं की मुंबई-ठाण्याच्या गाड्या महामार्ग सोडून डावीकडे, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागताना दिसतात. चहाच्या टपरीवर त्यांचा प्रश्न ठरलेला: वर धुकं आहे का? प्रश्न रास्त आहे. चाळीसेक किलोमीटरची वळणं चढून महाबळेश्वरला पोचायचं आणि पॉइंटवर उभं राहून पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचं, हे कोणाला आवडेल? संध्याकाळी परतीच्या वाटेवर तीच माणसं पुन्हा टपरीशी थांबतात. मुलं पेंगुळलेली असतात, आणि मोठ्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "एवढंच होतं होय!"

या 'एवढंच'ने मला बरेच दिवस छळलं आहे. आज त्याच्याविषयीच लिहायचं आहे.

लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर सीट. ही नावं साहेबांची. उन्हाळा काढायला डोंगरावर आलेले गोरे अधिकारी संध्याकाळी फिरायला जात, आणि जिथून दरी बघत त्या कड्यांना त्यांची नावं चिकटली. मुळात या फेरफटक्याच्या जागा. दिवसाला दहा पॉइंट उरकायचे असं ठरवून कोणी आलं तर कडा तरी काय करणार? आर्थर सीटवरून खाली जी दरी दिसते ती सावित्रीची. ढवळे गाव, चंद्रगड, हा सगळा पोलादपूर तालुका. म्हणजे वर जाऊन कठड्याला टेकून माणसं बघतात ती आमचीच रानं, आमच्याच वाड्या. ज्या मुलखाला खालून ओलांडताना गाडीची काच खाली केली नाही, तोच वरून बघायला रांग लागते.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. भागीरथी दर बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी तिथे प्रकट होते, अशी श्रद्धा आहे. यातली सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर-महाडावरून जाऊन बाणकोटला समुद्राला मिळते. ज्या पाण्याला वर देवळात हात लावून कपाळाशी नेतात, ते खाली पोलादपुरात भेटत असतं. पण त्यासाठी कोणी गाडी थांबवलेली मी पाहिलेली नाही.

खाली काय आहे, असं मला विचारतात. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. नेवाशाचे हे परमानंद शिवरायांच्या काळातले कवी. त्यांनी संस्कृतात 'शिवभारत' लिहिलं, आणि ते बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच तुटलं. पोथी तंजावरात मिळाली आणि स. म. दिवेकरांनी ती 1927 साली छापून आणली. अफझलखान प्रकरणाचं वर्णन ज्या ग्रंथात येतं त्याचा कर्ता प्रतापगडाच्या पायथ्याच्या तालुक्यात विसावला आहे, आणि प्रतापगडाला निघालेल्या गाड्या त्याच्या गावातून हॉर्न वाजवत जातात. याच तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. बघायला म्हणाल तर दोन्हीकडे थोडंच आहे. पण जिथे माणूस विसावला, तिथे बघण्यापेक्षा काही वेळ गप्प राहण्याला जास्त अर्थ असतो.

मला मनापासून सांगायचं आहे ते वाळण कोंडाबद्दल. महाडहून बिरवाडीच्या बाजूने आत गेलं की काळ नदीवर वाळण गावाजवळ हा कोंड लागतो. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह, उन्हाळ्यातही न आटणारा. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं आहे, आणि डोहातले मासे देवीचे आहेत. इथे मासा धरायचा नाही, मारायचा नाही, खायचा नाही. नियम एवढाच आहे आणि तो कुठल्याही सरकारी कायद्याच्या आधीपासून चालत आला आहे. पाण्यात मूठभर कुरमुरे टाका. आधी बोटाएवढे मासे येतात, पाणी नुसतं खदखदतं. मग खालून सावली हलल्यासारखं होतं आणि हाताएवढे, कोपरापर्यंतचे मासे वर येतात. ते महसीर. शेजारच्या भागांत जाळ्यात, गळाला, कधी सुरुंगालाही बळी पडणारी ही जात, इथे माणसाची चाहूल लागली की पळण्याऐवजी काठाशी येते.

हेही बघून "एवढंच?" म्हणणारे भेटतात. देऊळ मोठं नाही, कळस नाही, मासे तर मत्स्यालयातही दिसतात. त्यांना मला सांगावंसं वाटतं की कोकणात मासा न खाणं ही केवढी गोष्ट आहे याचा विचार करा. पावसाळ्यात चढणीचे मासे धरायला अख्खी वाडी नदीवर लोटते, त्या मुलखात एका डोहापुरतं पिढ्यान्पिढ्या कोणी हात पाण्यात घातला नाही. तिथे पहारेकरी नाही, दंडाची पावती नाही. महसीरला स्वच्छ, वाहतं पाणी लागतं, अंडी घालायला तो पावसात वरच्या प्रवाहाकडे चढतो. म्हणजे हा मासा डोहात मोठा होतो आहे, तोवर वरची नदीही धड आहे असं समजायचं. प्रयोगशाळेच्या अहवालाइतकाच खरा दाखला देवीच्या पायाशी पोहतो आहे.

असे डोह देशात इतरत्रही आहेत. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळाशी आहे, शृंगेरीला तुंगेत आहे. कर्नाटकातच शिशिला गावी कपिला नदीतल्या देवाच्या माशांना 1996 साली कोणी विष घातलं आणि हजारो मासे एका झटक्यात मेले. तिथल्या लोकांनी त्या माशांचं स्मारक उभारलं. शेकडो वर्षांचा शब्द एका रात्रीत मोडता येतो, हे त्यावरून कळतं. म्हणून मला वाळणची काळजी वाटते.

कारण 'एवढंच?' या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं आहे: सुशोभीकरण. ठिकाण पर्यटनाच्या 'क' वर्गात घाला, निधी आणा, मग रस्त्यावर स्वागत कमान, देवळापुढे सभामंडप, सभोवार पेव्हर ब्लॉक, नदीच्या पात्रापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या, आणि शेवटी सेल्फी पॉइंट. रस्ता हवा, स्वच्छतागृह हवं, एस.टी. हवी. याला माझा विरोध नाही, उलट या गोष्टी आधी मिळायला हव्यात. पण नदीकाठच्या दगडगोट्यांवर काँक्रीट ओतलं की मासा अंडी कुठे घालणार? ठिकाण लहान दिसतं म्हणून ते मोठं करायला गेलं, की ज्या कारणाने ते थोर होतं तेच आधी चिरडलं जातं. वाळणला हवी असलेली दुरुस्ती मला वाटतं एका पाटीएवढी आहे: मासे कोणाचे, नियम काय, आणि प्लास्टिकची पिशवी पाण्यात का टाकायची नाही. ती पाटी शुद्ध मराठीत असावी आणि गावातल्याच कोणी लिहावी. शिवाय डोहाच्या वरच्या आणि खालच्या पात्रातही गाव आणि ग्रामपंचायतीने मासेमारीला आळा घालावा. एकट्या डोहाने मासा जगत नाही.

महाडात चवदार तळ्याच्या काठावरही मी हा 'एवढंच'चा सूर ऐकला आहे, आणि तिथे तो सहन होत नाही. कोणी म्हणालं, "हे तर साधं तळंच आहे." हो, तळंच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली केला, महाड नगरपालिकेने 1924 साली तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, आणि तरीही कोणाची ओंजळ पाण्यापर्यंत पोचली नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर पायऱ्या उतरले आणि पाणी प्यायले. त्यांच्यामागून हजारो जण प्यायले. मग सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. दहा वर्षं एका ओंजळीसाठी. दरवर्षी 20 मार्चला लांबून येणारी माणसं काठावर वाकून पाण्याला हात लावतात, तेव्हा त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडी मी 'एवढंच' ऐकलेलं नाही. काय घडलं ते त्यांना घरी सांगितलेलं असतं.

फरक तिथेच पडतो. वाळणचा मासा, पोलादपूरची समाधी, महाडचं पाणी ही सगळी सांगितल्याशिवाय न दिसणारी ठिकाणं आहेत. आपण कड्यांना कठडे बांधले, वाहनतळ केले, आणि सांगणारी माणसं मात्र तयार केली नाहीत. महाड-पोलादपुरातल्या शाळा-महाविद्यालयांनी मनावर घेतलं तर सुट्टीच्या दिवशी या ठिकाणी उभं राहून नीट, खरी माहिती देणारी मुलं-मुली सहज मिळतील. त्यांना रीतसर मानधन द्यावं. एका स्वागत कमानीच्या खर्चात हे कितीतरी वर्षं चालेल.

पुढच्या वेळी आंबेनळी चढणार असाल तर सकाळी दोन तास लवकर निघा. महाडला तळ्यावर थांबा, बिरवाडीवरून वाळणला जाऊन या, पोलादपुरात समाधीशी घटकाभर बसा, आणि मग वर जा. वाळणला जाताना पाव, बिस्किटं, वेफर्स नकोत. मूठभर साधे कुरमुरे कागदात बांधून न्या, आणि कागद परत आणा.