खट-खट! कोण आहे?

गाडी बोलायला लागली की तुम्ही काय करता? खरं सांगा! बहुतेक जण म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवतात. मीही तेच केलं.

पुण्याहून यवतमाळला घरी गेले होते. बाबांची जुनी हॅचबॅक काढली आणि आईला घेऊन आर्णीजवळच्या गावी मावशीकडे निघाले. हायवेवर सगळं मस्त. फाट्यावरून आत वळलो आणि पुढच्या डाव्या चाकाकडून सुरू झालं... खट, खट-खट.

आमच्याकडचे आतले रस्ते काळ्या मातीवरचे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. सस्पेन्शनची खरी परीक्षा इथेच.

"काहीतरी वाजतंय गं," आई म्हणाली.

"जुनी गाडी आहे, वाजणारच," इति मी. टिपिकल!

दुसऱ्या दिवशी एका चकाचक वर्कशॉपमध्ये गेले. पाच मिनिटांत निदान : दोन्ही शॉकअप बदला. एस्टिमेट बघून मलाच शॉक बसला. बाबा म्हणाले, "आधी आपल्या मिस्त्रीला दाखव."

मिस्त्रीने गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारला. "आवाज कवा येते ताई? मोठ्या गड्ड्यात का बारक्या गिट्टीवर?" मग बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. ती एकदा वर येऊन थांबली. "शॉकअप चांगला हाये. खराब असता तर डुलत राह्यली असती."

मग पुढचा अर्धा तास फुकट क्लास! स्लो स्पीडला, बारीक खडीवर खट-खट वाजलं तर आधी लिंक रॉड बघायचा. स्पीडब्रेकरवर करकर आली तर रबरी बुश सुकलेत. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग सुटल्यासारखं टण्ण वाजलं तर स्ट्रटच्या वरचं माउंट. ब्रेक मारल्यावर धप्प झालं तर लोअर आर्मचा बुश. आणि बुशवर साधं ऑइल मारून आवाज घालवायचा नाही, रबर त्यानेच फुगून खराब होतं.

माझा प्रॉब्लेम लिंक रॉडचा निघाला. शॉकअपच्या एस्टिमेटपुढे अगदीच किरकोळ काम. मी पर्स उघडली. पण मिस्त्री उजव्या चाकाकडे वळला होता. तिकडून तर काहीच आवाज नव्हता!

त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका) आणि चाक वरून-खालून धरून हलवलं. चाक चक्क हललं. पोराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवलं. हलणं थांबलं असतं तर बेअरिंगचा दोष. थांबलं नाही, म्हणजे बॉल जॉइंट.

"लिंक रॉड तुटला तर गाडी वळणावर जास्त झुकते, बस," तो म्हणाला. "हा सुटला तर चाकच आडवं होते. जे बोंबलते ना ताई, ते मारत नाही. जे गप राह्यते, ते मारते."

आदल्या रात्री याच चाकावर मी आईला घेऊन हायवेने परत आले होते. चांगल्या स्पीडने. गाणी लावून.

दोन्ही पार्ट बदलले. आर्मच्या बुशचे बोल्ट त्याने गाडी जमिनीवर टेकवल्यावरच पूर्ण आवळले. अधांतरी आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट केलं. घरी येताना म्युझिक सिस्टिम बंद होती.

बाबा दारातच उभे होते. रोज तेच ही गाडी चालवतात. मी विचारलं, "तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

"जाणवलं ना. दोन-तीन महिने झाले, स्टिअरिंग जरा भरकटत होतं."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

बाबा शांतपणे म्हणाले, "आवाज कुठे येत होता?"