नऊ व्होल्टची बॅटरी, तीन पेले

कसारा लोकलने कल्याण सोडलं की पुढचं स्टेशन शहाड, आणि शहाड म्हटलं की सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. रेयॉनच्या धाग्याला कॉस्टिक सोडा लागतो. तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून करतात, आणि टनभर सोड्यामागे सुमारे २५ किलो हायड्रोजन आपसूक सुटतो. म्हणजे ज्या वायूला आज उद्याचं इंधन म्हणतात, तो या धंद्याला आजोबांच्या फर्स्ट शिफ्टपासून ओळखीचा.

नातवंडांच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र हा हायड्रोजन थर्माकोलचा असतो. निळा रंग, दोन एलईडी, आणि तक्त्यावर राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे आकडे: १९,७४४ कोटी रुपये, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. परीक्षक मान डोलावतात. वायूचा बुडबुडा कुणीच पाहिलेला नसतो.

मुलांच्या हाती तक्ता नको, अडचण द्या. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिली, पेलाभर पाण्यात धुण्याचा सोडा. (मीठ नको. मीठ घातलं की धनाग्रावर क्लोरीन सुटतो. मग पेल्यात शहाडचाच कारखाना.) बुडबुडे येतील, ऋणाग्रावर दुप्पट. वही इथेच मिटते. खरं काम इथून सुरू व्हावं. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, आपण नऊ लावले. उरलेली बहुतेक वीज पाणी तापवण्यात गेली. मग तीन पेले एकापुढे एक जोडून बघा: तेवढ्याच विजेत तिप्पट वायू, पण वेळ कितीतरी जास्त. आता वीज वाचवायची की वेळ? पेन्सिली जवळ आणायच्या की सोडा वाढवायचा? यावर वर्गात भांडण झालं, तर तास सत्कारणी लागला. मोठ्या कारखान्यातले इंजिनिअरही याच गोष्टींवर डोकं खपवतात. किलोभर हायड्रोजनला त्यांनाही पन्नासहून अधिक युनिट वीज लागते, आणि ती कोळशाची असेल तर ‘हरित’ हा शब्द तक्त्यावरून पुसावा लागतो.

शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबला सरकार २० लाखांपर्यंत देतं. या प्रयोगाचं सामान उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकच्या बाजारात पिशवीभर मिळेल. फक्त बाक खिडकीपाशी घ्या, आणि जमलेल्या वायूला काडी लावू नका.