स्वस्त शॉकचा सोस

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आज कुठे तंतोतंत लागू पडत असेल, तर ती बाजारातल्या स्वस्त ‘शॉकवाल्या’ सायकलींना. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाडजूड नळ्या, त्यांवर झगमगीत अक्षरे, आणि आत काय? एक साधी स्प्रिंग! तरीही आमच्या जुईनगरात आज कोणत्याही मुलाला नवी सायकल दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “शॉक आहे का?” ब्रेक कसे आहेत, टायर कोणते आहेत, फ्रेम आपल्या उंचीची आहे का, हे प्रश्न नंतर येतात, पुष्कळदा येतच नाहीत.

कला शाखेच्या वार्षिक अंकात सायकलीच्या शॉकवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय यंत्रशाळेतला, असे कुणी म्हणेल. परंतु जिथे पैसा थोडा आणि इच्छा अनेक असतात, तिथे अर्थशास्त्र सुरू होते असे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले गेले. एका वस्तूवर खर्च केलेला रुपया दुसऱ्या वस्तूवर खर्च करता येत नाही, हे परीक्षेत लिहिणे सोपे; पण स्वतःची सायकल सुट्या भागांतून बांधायला घेतली की त्याचा खरा अर्थ कळतो.

माझी परिस्थिती सांगतो, कारण या अंकाच्या अनेक वाचकांची ती तशीच असेल. वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन मी थोडे पैसे साठवले. डोंगरात चालणाऱ्या सायकलीची एक जुनी पण धड फ्रेम आणि दोन चाके मिळाली. ती सव्वीस इंची चाकांची, शंभर मिलिमीटर हालचालीच्या शॉकसाठी बांधलेली फ्रेम आहे. उरलेल्या नऊ हजारांत चिमटा, ब्रेक, टायर आणि बाकीचे किरकोळ सामान बसवायचे होते. अशा वेळी कोणता शॉक घ्यावा? की घेऊच नये?

माझे मत आरंभीच स्पष्ट मांडतो. थोड्या पैशात एकतर उत्तम साधा चिमटा घ्यावा, नाहीतर थांबून, पैसे साठवून खरोखर काम करणारा शॉक घ्यावा. या दोहोंच्या मधला, केवळ दिसायला असलेला शॉक हा सर्वांत महागडा सौदा आहे.

हे मत पटण्यासाठी शॉकचे काम काय ते पाहिले पाहिजे. पुष्कळांना वाटते की शॉक म्हणजे स्प्रिंग. वस्तुतः स्प्रिंग हे त्याचे अर्धेच अंग आहे. खड्ड्यात चाक आदळले की स्प्रिंग दबते आणि तो धक्का साठवून ठेवते. पण साठवलेले परत द्यावेच लागते! दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते आणि हँडल वर फेकते. ही उसळी आवरण्यासाठी चांगल्या शॉकमध्ये तेल असते. ते बारीक छिद्रांतून जाताना अडते, आणि स्प्रिंग हळूहळू पूर्वपदावर येते. ज्या मोटारसायकलच्या शॉकमधले तेल गळून गेले आहे, तिच्यावर बसून पाहावे, म्हणजे फरक लगेच कळेल. अगदी स्वस्त शॉकमध्ये उसळी आवरणारी अशी सोय मुळातच नसते. उतारावर दगडांची रांग लागली की तो घोड्यासारखा उड्या मारतो, आणि पुढचा ब्रेक दाबला की नाक खाली घालतो. ज्या क्षणी त्याची गरज, त्याच क्षणी तो दगा देतो.

दुसरी गोष्ट वजनाची. लोखंडी स्प्रिंगचा स्वस्त शॉक अडीच किलोच्या आसपास भरतो. साधा पोलादी चिमटा एक-सव्वा किलोचा असतो. म्हणजे सव्वा किलो जादा लोखंड आपण प्रत्येक चढावर आपल्या पायांनी ओढायचे.

तिसरी गोष्ट आम्हां किडकिडीत विद्यार्थ्यांच्या फार जिव्हाळ्याची आहे. शॉक नीट काम करायचा तर नुसते सायकलीवर बसल्यावर तो थोडा दबला पाहिजे. शंभर मिलिमीटरच्या शॉकसाठी हे दबणे वीस-पंचवीस मिलिमीटर असावे असा साधारण नियम आहे. आतल्या नळीला एक दोरा किंवा रबर गुंडाळावा, अलगद बसावे, अलगद उतरावे, आणि दोरा किती सरकला ते मोजावे. माझे वजन बावन्न किलो. एका मित्राच्या नव्या सायकलीवर मी हा प्रयोग केला, तर दोरा जेमतेम नखभर सरकला! स्वस्त शॉकमध्ये स्प्रिंग एकाच ताकदीची येते आणि ती भरल्या अंगाच्या माणसाला धरून बनवलेली असते. वरचे बटण सैल केल्याने स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण तेवढा बदलतो, तिची ताकद बदलत नाही. हवेवर चालणाऱ्या शॉकमध्ये पंपाने हवा कमी-अधिक करून तो आपल्या वजनाला जुळवता येतो. पण त्याची किंमत वेगळी.

किंमतीचा विषय निघाला आहे तर तोही पाहू. हार्बर लाइनने मशीद बंदरला उतरून मी काळबादेवीच्या सायकल बाजारात दोन वेळा हिंडलो. बिननावाचे शॉक दीड-दोन हजारांत सांगत होते. एसआर सनटूर या कंपनीचे खालच्या श्रेणीतले, म्हणजे एक्ससीटी आणि एक्ससीएम, पाच ते आठ हजारांच्या घरात. त्याच कंपनीचा एक्ससीआर त्याहून वर, आणि हवेवर चालणारा रेडॉन आणखी वर. रॉकशॉक्सच्या ज्युडी किंवा रेकॉनचे नाव काढले की आकडा वीस हजारांच्या पुढे जात होता. एकाच नावाचा शॉकही अनेक प्रकारांत मिळतो, हे लक्षात ठेवावे. एकात बटण फिरवल्यावर नुसता खटका अडकून शॉक बंद होतो, तर दुसऱ्यात तेलाचा मार्ग बंद होतो. तेव्हा नाव वाचून थांबू नये. “उसळी आवरायला आत तेलाची सोय आहे का?” असे दुकानदाराला सरळ विचारावे, उत्तर देताना तो घुटमळला तर आपले उत्तर आपल्याला मिळाले.

आता कुणी म्हणेल, शॉकशिवाय डोंगरातली सायकल ही कल्पनाच चुकीची. इतिहास मात्र उलट सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले, त्यातून या सायकलीचा जन्म झाला. १९७६ साली सुरू झालेली त्यांची शर्यत ‘रिपॅक’ या नावाने प्रसिद्ध आहे. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. त्या सायकलींना आजच्यासारखा शॉक नव्हता. रॉकशॉक्सचा पहिला शॉक बाजारात आला तो १९८९ साली. पुढच्याच वर्षी ड्युरँगो येथे या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीत नेड ओव्हरेंड आणि ग्रेग हर्बोल्ड हे असा शॉक लावून जिंकले आणि सगळ्यांना शॉक हवासा वाटू लागला. म्हणजे तेरा वर्षे हा खेळ साध्या चिमट्यावर वाढला. शॉक उपयोगाचा आहे हे त्या विजेत्यांनी सिद्ध केले, हे मी नाकारत नाही. पण त्यांचा शॉक काम करणारा होता. आपल्याकडे खालच्या बाजारात पोचले ते त्याचे रूप. काम वाटेतच राहून गेले.

असे का होते? थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली लिहिलेल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. वस्तू वापरण्यासाठी नव्हे, तर आपण कोण आहोत हे लोकांना दाखवण्यासाठी घेतली जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. तो श्रीमंतांविषयी लिहीत होता. पण हा रोग गरिबाला अधिक महाग पडतो. साध्या चिमट्याच्या सायकलीला आमच्याकडे ‘दूधवाल्याची सायकल’ म्हणून हसतात. ते हसू टाळण्यासाठी दोन हजारांचा शॉक घेतला जातो, आणि ते दोन हजार ब्रेकमधून कापले जातात! सायन-पनवेल महामार्गालगतच्या रस्त्यावरून जड वाहनांच्या शेजारून जाताना आपला जीव शॉक वाचवणार आहे की ब्रेक, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

धक्के सोसण्याचे शास्त्र मला खरे कळले ते वडिलांच्या कामावरून. ट्रकला लावलेल्या फळीवरून पाठीवर पोते घेऊन उतरताना माथाडी कधी पाय ताठ ठेवत नाही. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल सावकाश, मान सैल. पाय ताठ ठेवला तर सगळा धक्का कमरेत जातो. सायकलीवरही हेच. कोपरे आणि गुडघे मोकळे ठेवून, बैठकीवरून किंचित उठून खड्डा पार करणे हा पहिला शॉक. आणि तो फुकट आहे. दुसरा शॉक टायरचा. दोन इंचांहून रुंद टायर घेऊन, माझ्या वजनाच्या मुलाने त्यात पन्नास-साठ पौंडांऐवजी तीसच्या आसपास हवा ठेवली, तर जुईनगर स्टेशनबाहेरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक निम्म्याने मऊ वाटतात. लोखंडी शॉकचा क्रमांक तिसरा आहे. पहिले दोन साधल्यावाचून तिसऱ्याकडे धावण्यात अर्थ नाही.

तरीही ज्याला शॉक घ्यायचाच आहे, आणि जो दर रविवारी पारसिकच्या टेकडीवर किंवा खारघरच्या बाजूला दगडधोंड्यांत जातो, त्याने तो जरूर घ्यावा. पण आधी आपली फ्रेम मोजावी. चिमट्याची वरची दांडी सर्वसाधारणपणे २८.६ मिलिमीटर जाडीची सरळ असते, किंवा खाली रुंद होत जाणारी असते; रुंद दांडी सरळ नळीच्या फ्रेममध्ये जात नाही. जुन्या साध्या सायकलींत २५.४ मिलिमीटरची, आटे पाडलेली दांडी आढळते. जुना शॉक घेताना दांडी आधीच कापून आखूड केलेली नाही ना, ते पाहावे. चाक २६, २७.५ की २९ इंची. आस पातळ नऊ मिलिमीटरचा की आरपार जाणारा जाड पंधराचा. डिस्क ब्रेक लावायची जागा आहे की नाही, हे सारे जुळले पाहिजे. जुन्या शॉकच्या चकचकीत नळीवरून नख फिरवावे. नख अडकले तर तो शॉक सोडून द्यावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. नळ्या खुळखुळल्या तरी सोडून द्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उंची. सव्वीस इंची चाकाचा जुन्या धर्तीचा चिमटा आसापासून वरपर्यंत सुमारे चाळीस सेंटिमीटर असतो, तर शंभर मिलिमीटरचा शॉक सत्तेचाळीसच्या आसपास. साध्या चिमट्यासाठी बांधलेल्या फ्रेमला असा शॉक लावला की पुढचा भाग सहा-सात सेंटिमीटर उचलला जातो. मग सायकल वळायला आळशी होते, चढावर पुढचे चाक भरकटते आणि फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर नको तो ताण येतो. याच्या उलट, माझ्यासारखी शॉकसाठी बांधलेली फ्रेम असेल तर साधा चिमटाही तेवढ्याच उंचीचा, लांब जातीचा घ्यावा लागतो.

शिवाय आपल्याकडचा पावसाळा आणि खाडीची खारी हवा विसरून चालणार नाही. स्वस्त शॉकच्या नळ्या मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात. मुलामा उडाला की गंज चढतो, तो गंज रबरी कडी फाडतो, आणि आत चिखलपाणी जाते. दर पावसाळ्यानंतर शॉक उघडून, पुसून ग्रीस भरणे आवश्यक. चांगल्या शॉकला तर पन्नासेक तासांच्या वापरानंतर निगा लागते. ही निगा घेण्याची तयारी नसेल तर शॉक घेऊच नये. साध्या चिमट्याला मात्र फडक्याखेरीज काही लागत नाही.

हा सगळा हिशेब करून मी लांब पोलादी चिमटा, चांगले डिस्क ब्रेक आणि रुंद टायर यांना नऊ हजार वाटून दिले. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे वडीलधारे सांगतात. ते खरे आहे. पण गरिबाच्या मुलाने पाय पसरूच नयेत असे त्या म्हणीत कुठेही म्हटलेले नाही. डोंगरात सायकल चालवण्याची हौस काही मोठ्या बंगल्यांतल्या मुलांच्या नावावर नोंदवलेली नाही. आपल्यालाही ती करण्याचा हक्क आहे. फक्त ती हौस आपली असावी, दुकानाच्या काचेतून उसनी घेतलेली नसावी.

म्हणून, मित्रहो, नवी सायकल घेताना किंवा बांधताना पहिला प्रश्न बदलूया. “शॉक आहे का?” असे विचारण्याऐवजी “ही थांबते कशी, वळते कशी, आणि माझ्या वजनाला पेलते कशी?” असे विचारूया. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर पैसे उरले, तर शॉक खुशाल घ्यावा. पण तो काम करणारा घ्यावा. आणि न उरले, तर साध्या चिमट्याची सायकल ताठ मानेने चालवावी. तिच्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

— द्वितीय वर्ष कला