भयपट मराठीत आहेत!

‘मराठी भयपट म्हणजे नुसता आरडाओरडा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकाने विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) पाहिलेला दिसत नाही. त्यात पडका वाडा नाही. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आहे. डोक्यावर गेलेला ऊस, चहूकडे सारखाच पाला. सोलापूरकराला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. आणि मुलगी नको म्हणणारी माणसे त्यातल्या भुतांहून भयंकर. फुरियांनीच पुढे त्याचा हिंदी ‘छोरी’ (२०२१) केला. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हिंदी असला, तरी मातीने मराठीच. २०१८ मध्ये बेताचा चाललेला हा चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. प्रेक्षक आहेत, चित्रपटगृहांनी अशा चित्रपटांना संध्याकाळचे खेळ द्यावेत.

– एक भयपटप्रेमी, सोलापूर