महागाईचे मूळ कोठे?

डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते. शेतसारा घटावा, शेतकरी कर्जातून सुटावा, असा कृषिकार्यक्रम तेथे संमत झाला. त्यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांनी, त्याच नेहरूंच्या राजवटीत दुसरी पंचवार्षिक योजना आखली जात असताना शेती मागे पडली, अवजड उद्योग पुढे आले आणि 1200 कोटी रुपयांचा तुटीचा अर्थभरणा गृहीत धरला गेला. अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्या प्रा. बी. आर. शेणॉय यांनी विरोधी टिपण जोडले. बचतीचे पाठबळ नसलेला पैसा भाव भडकवतो, हा त्यांचा इशारा होता. तो दुर्लक्षिला गेला. 1957 मध्ये परकीय चलनाचे संकट आले आणि 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले.

म्हणजे चलनवाद्यांचेच खरे मानायचे काय? तसेही नाही. 1972 चा दुष्काळ आणि 1973 ची तेलदरवाढ यांच्या पाठोपाठ 1974 मध्ये घाऊक महागाई पंचवीस टक्क्यांवर गेली, ती केवळ नोटांमुळे नव्हे. केन्सचे अनुयायी मागणीकडे बोट दाखवितात. पण ज्या देशात 2012 च्या आधारवर्षाच्या किरकोळ निर्देशांकात जवळजवळ निम्मा भार अन्नाचा होता, तेथे पावसाने दगा दिला की दोन्ही पंथांची सूत्रे अपुरी पडतात.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेण्यात आला. तरीही जुलै 2023 मध्ये किरकोळ महागाई 7.44 टक्के झाली, कारण टोमॅटो महागला. व्याजदराने टोमॅटो पिकत नाहीत! घरकर्जाचा हप्ता तेवढा वाढला. पुढे डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे 2024 पर्यंत. शहरी गृहिणीला दिलासा मिळाला, पण त्याची किंमत नाशिक-खानदेशच्या शेतकऱ्याने मोजली. सरकार राष्ट्रीय विचारांचे आहे म्हणून हे बोलू नये, असे मुळीच नाही.

नागपूरचे डॉ. म. गो. बोकरे यांनी ‘हिंदू इकॉनॉमिक्स’मध्ये विपुल उत्पादनातून उतरत्या भावांचा विचार मांडला. परंतु विपुलता नुसती शेतात असून भागत नाही. फैजपूर-रावेरच्या मळ्यात कापणीला आलेला केळीचा घड भावाची वाट पाहत थांबू शकत नाही. व्यापारी थांबू शकतो. शेतातला भाव आणि शहरातल्या गाडीवरचा डझनाचा भाव यांतील अंतर शीतगृहे, पिकवण केंद्रे आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या विक्रीसंस्था यांनीच कमी होईल. रेपो दर तेथवर पोहोचत नाही.